तबिताच्या भावाची साक्ष

ऑस्ट्रेलियात फक्त गोऱ्यांनीच राहायचं, असा कायदा झाला. तो अमलात यायला लागला तेव्हा दूरच्या अंबाए बेटावरच्या तबिताची बारा-चौदा वर्षं तिथल्या मॅके गावच्या उसात गेली होती. मळ्यांसाठी बेटांवरून मजूर आणणाऱ्या भरतीच्या जहाजावरून उतरल्यापासून तिनं बेणं लावलं, खुरपणी केली, पुढे मळेवाल्याच्या घरचे कपडे धुतले. तिचा नवरा फिरिसुआ मलाइता बेटावरचा, ऊसतोडीतला नावाजलेला गडी आणि तोंडाचा फटकळ. दोन्ही मुलं इथलीच.

बेटवाले कायद्यापुढे गप्प बसले नव्हते. सभा झाल्या, अर्ज थेट राजापर्यंत गेले. एवढं करून पदरात पडली ती थोडी सूट. फार जुने, म्हणजे कैक वर्षांपूर्वी आलेले लोक राहू शकत होते, म्हातारे राहू शकत होते, आणि वेगवेगळ्या बेटांवरचे नवरा-बायको. तबिता आणि फिरिसुआ या शेवटच्या सवलतीत बसत होते, फक्त लग्न झालंय हे कचेरीतल्या सरकारी साहेबाला पटायला हवं होतं. नाही पटलं तर ती अंबाएला, तो मलाइताला, आणि मुलं कुणाबरोबर ते जहाजावर ठरणार.

लग्न चर्चमध्ये लागलं नव्हतं. फिरिसुआनं तिच्या भावाला डुकरं दिली, मळ्यावरची माणसं जेवली, लग्न झालं. त्या पंगतीतले बहुतेक आता परत धाडले गेले होते. उरला होता भाऊ, गराए. तो जुना म्हणून सुटला होता आणि नदीपलीकडे राहत होता.

अंबाएचे बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत. एका ठिकाणी बसत नाहीत, एकमेकांचं नाव घेत नाहीत. बहीण वाटेत दिसली तर भाऊ झाडीत शिरतो. त्यात राग नसतो, मान असतो. तबिता आणि गराए यांचे निरोप फिरिसुआ नेत-आणत असे. साक्षीचा निरोपही त्यानंच पोचवला होता.

कचेरीत साहेबानं नवरा-बायकोला टेबलासमोर उभं केलं आणि मग गराएला आत बोलावलं. गराए उंबऱ्यावर थबकला. मग भिंतीला चिकटून आत आला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"ही तुझी बहीण ना?" साहेबानं विचारलं.

गराए बाहेर बघत राहिला.

"या माणसानं हिच्याशी लग्न केलं, ते तू पाहिलंस?"

गराएनं मान खाली घातली.

"मेहुणे, बोला की," फिरिसुआ दबक्या आवाजात म्हणाला. "डुकरं खाताना बरं तोंड उघडलं होतं."

साहेबानं लेखणी खाली ठेवली. "हा हिला ओळखतसुद्धा नाही," तो दारावरच्या पोलिसाला म्हणाला.

चूक तबिताचीच होती. खोली गोऱ्यांची, तेव्हा इथे रीतही त्यांचीच चालणार, असं ती धरून चालली होती. गराएनं मात्र आपली रीत बरोबर आणली होती आणि ती उंबऱ्याबाहेर ठेवायला तो तयार नव्हता.

ती वळली आणि दाराकडे निघाली.

"ए बाई, साहेबांनी जा म्हटलंय का?" पोलीस आडवा आला.

"मी असले तर तो बोलायचा नाही. मला लांब जाऊ दे. पळून कुठं जाते? नवरा आत आहे माझा."

पोलिसानं साहेबाकडे पाहिलं. साहेबानं कंटाळून हात हलवला.

तबिता पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडला आणि आवाज येणार नाही इतक्या अंतरावर एका आंब्याखाली पाठमोरी उभी राहिली. वळून पाहायचा मोह तिनं आवरला. गराए खिडकीतच असेल, तिचं तोंड दिसलं तर पुन्हा गप्प होईल. रस्त्यानं उसाची गाडी गेली, मग घोड्यावरचा एक पाववाला गेला. एवढा वेळ कशाला लागतोय, ते तिला कळेना.

अखेर मागून फिरिसुआचा आवाज आला. "चल घरी."

"घरी म्हणजे कुठं? नीट सांग."

"घरी म्हणजे घरी. राहायचं आपण. चौघांनी."

ती आंब्याच्या मुळावर मटकन बसली.

"काय बोलला तो?"

"डुकरं," फिरिसुआ म्हणाला. "सगळा वेळ डुकरं. कुठल्याचा सुळा किती वळला होता, कुठलं लंगडत होतं, कुणी कापलं, कुणाला कुठला तुकडा गेला. एक लहान निघालं म्हणून अजून माझ्यावर खार खाऊन आहे, तेही साहेबाला सांगितलं."

"साहेब काय म्हणाला?"

"म्हणाला, लग्नच नसतं तर हा माणूस एका डुकरासाठी एवढी वर्षं कुढला नसता."

"आणि माझं नाव?"

"छे. शेवटपर्यंत 'ती झाडाखालची'. तुमच्या अंबाएवाल्यांचं डोकं कुठं असतं, देव जाणे."

तबिता हसायला लागली आणि बराच वेळ हसत राहिली. फिरिसुआनं ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"गेला का तो?"

"मागच्या दारानं. तू इकडच्या रस्त्यावर आहेस ना."

"लहान निघालं होतं का रे खरंच?"

"होतं थोडं," फिरिसुआनं कबूल केलं.

"मग एक मोठं बघून दे त्याला. उद्याच."