साड्यांमागच्या मोटारी

दोन हजार सालानंतर रेल्वेत असलेल्या नवऱ्याची जयपूरला बदली झाली, तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. मुलगी शिकायला पुण्यात. त्या हिवाळ्यात एका सकाळी भाजी घेऊन परतताना रस्ता अडवलेला दिसला. जुन्या मोटारींची मिरवणूक चालली होती. लांबलचक नाकाच्या, बाजूला जादा चाक बांधलेल्या, राजेरजवाड्यांच्या मोटारी. शेवटची जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

काही दिवसांनी बापू बाजारातल्या एका दुकानात तसलीच एक खेळण्यातली मोटार दिसली. वीतभर लांब, धातूची, दारं उघडणारी, आत लाल गाद्या.

“बच्चे के लिए पैक कर दूँ?” दुकानदारानं विचारलं.

“हाँ,” मी म्हणाले, आणि कानशिलं तापली.

मग दुसरी आणली, तिसरी आणली. हळूहळू कपाटातला एक कप्पा साड्यांमागे भरून गेला. दुपारी क्वार्टरमध्ये एकटी असले की पलंगावर रांग लावायची, मऊ ब्रशनं चाकांच्या तारा पुसायची. बेल वाजली की घाईघाईनं सगळं आत. नवऱ्याला ठाऊक होतं. ते हसायचे नाहीत आणि विचारायचेही नाहीत.

संक्रांतीला मी कॉलनीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. शेजारणीच्या साडीवर मसाल्याचं दूध सांडलं. मी फडकं आणायला धावले, तोवर एकीनं तिला बदलायला साडी द्यावी म्हणून माझं कपाट उघडलं. साडी ओढली तशी क्रीम रंगाची मोटार खाली आपटली. तिचं दार निखळलं.

“अरे, ये किसका खिलौना है?”

दुसरीनं साड्या बाजूला सारल्या. “यहाँ तो पूरी बारात है! भाभीजी, बिटिया तो कॉलेज में है ना?”

सगळ्या हसल्या. मी खाली बसून दार उचललं आणि तळहातावर जपून धरलं. तेवढ्यात ड्युटीवरून आलेला नवरा दारातूनच म्हणाला, “मेरी हैं. बचपन का शौक है.”

बायकांनी हसू आवरलं. पडलेली मोटार ठेवून साड्या पुन्हा नीट लावल्या. मी एकेकीला कुंकू लावलं. ‘माझ्या आहेत’ म्हणायला तेव्हाही वेळ होता.

सगळ्या गेल्यावर मी विचारलं, “अहो, कशाला बोललात?”

“तुझा चेहरा बघवेना. आणि पुरुषाच्या खुळाला लोक हसून सोडून देतात.”

लोकांनी सोडलं नाही. ऑफिसात रोज कुणीतरी विचारी, “साहब, आज कौन-सी गाड़ी से आए?” घरी येऊन ते हे हसत सांगायचे. मी ताट उचलून स्वयंपाकघरात जायचे.

पुढे अजमेरला बदली झाली. सामान बांधायला तीच शेजारीण आली. मी मोटारी वर्तमानपत्रात गुंडाळत होते, ती खोक्यात ठेवत होती. शेवटी न राहवून मी म्हणाले, “ये मेरी हैं. साहब की नहीं.”

“पता है, भाभीजी,” ती सहज म्हणाली. “उस दिन आपने वो दरवाज़ा ऐसे उठाया था, जैसे बच्चा गिर गया हो.”

“किस-किसको पता है?”

“सबको. हमारे उनको भी. आपके साहब को छेड़ने में सबको मज़ा आता था, बस.”

माझे हात तिथंच थांबले. म्हणजे इतके दिवस सगळी कॉलनी माझ्यासमोर चहा पीत होती, मनात हसत होती. आणि ते बिचारे माझ्यासाठी फुकट थट्टा सोसत होते.

अजमेरच्या गाडीत नवऱ्याला सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. थर्मासमधला चहा मला ओतून दिला. मग म्हणाले, “तिकडं मात्र तूच सांग.”

नव्या क्वार्टरमध्ये त्यांनीच बैठकीच्या खोलीत काचेची फळी ठोकून मोटारी मांडल्या. पहिल्याच आठवड्यात समोरची बाई साखर मागायला आली आणि फळीपाशी थबकली.

“ये किसकी हैं?”

“मेरी,” मी म्हणाले. नजर फरशीवर होती, आणि आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा विचारावं लागलं.