फुंकरीची परीक्षा

तळेगावच्या काचेच्या कारखान्यात मी कारकून होतो. तिथे नव्या गड्यांना फुंकणीतून कंदिलाची काच फुगवायला शिकवणारे एक मास्तर होते. त्यांचं बोलणं आधी मिशीत हसून मगच बाहेर पडायचं. त्यांची परीक्षा मात्र भयंकर! गड्यानं फुंकणी तोंडाला लावली, की हे त्याच्या कानाशी आपल्या सासऱ्यांची नक्कल सुरू करायचे. गडी हसला की काचेचं वांगं व्हायचं, आणि गडी घरी जायचा.

"शिकवलेलं अंगी मुरलंय का, ते असंच कळतं," मास्तर म्हणायचे.

एकदा वराळ्याचा एक गडी ढिम्म हसला नाही. काच सरळसोट निघाली. मास्तर उलट हिरमुसले.

"अरे, तुला हसूच येत नाही, मग आवरलंस काय? बघ, पोटात हसू असताना फुंकर कशी धरायची!" म्हणत त्यांनी स्वतः फुंकणी तोंडाला लावली.

गडी शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमचं सासरं माजं मामा लागत्यात. त्ये तुमची नक्कल करत्यात, ती ह्याच्यापरीस लय झ्याक आसती."

मास्तरांच्या फुंकणीवर एवढं मोठं वांगं फुगलं आणि फटकन फुटलं. ते पोट धरून खाली बसले.

गड्यानं काळजीनं विचारलं, "आता तुमालाबी घरी धाडत्यात व्हय?"