बाकावरची जागा

नव्वदच्या दशकात मारतहळ्ळीला आमच्या बेळगावकडच्या डॉक्टरांचा दवाखाना एवढासा होता, की एक जण शिंकला तर तिघांना औषध द्यावं लागे. बाक चौघांचा, बसणारे नऊ. डॉक्टरांचा आवाज मात्र थेट वीसेक किलोमीटरवरच्या होसकोट्यापर्यंत जाई. मधला पडदा नुसता लाजेपुरता टांगलेला.

त्या दिवशी बाकाच्या टोकाला एक पोटुशी बाई अंग चोरून बसली होती. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने एका हाताने दुसरं मनगट धरलं होतं. तिचा नंबर आला.

"एचआयव्हीची तपासणी करा," ती आत हळूच म्हणाली.

"कशाला अक्का?" डॉक्टर गरजले. "ती लॉरीवाल्यांची भानगड. तुम्ही चांगल्या घरच्या."

"घर चांगलंच आहे. मालक लॉरीवर असतात."

"मग आधी त्यांना विचारा की."

"विचारलं, म्हणून तर आले. एरवी एवढ्यातेवढ्यावरून अंगावर येतात. या वेळी नुसते गप्प बसले."

बाहेर आमचा जुनाट खोकलासुद्धा थांबला.

शेवटी तपासणीला रक्त देऊन ती बाहेर आली. चक्कर येईल, स्वल्प बसा, असं डॉक्टरांनी आतून ओरडून सांगितलं. तेवढ्यात बाकावरच्या एकाला बस आठवली, दुसऱ्याला चप्पल, आणि एका आजींच्या कंबरेला एकाएकी उभं राहूनच बरं वाटू लागलं. मी आधीपासूनच भिंतीला टेकून होतो, हे आपलं सांगून ठेवतो.

अख्खा बाक रिकामा झाला. बाई बसली ती मघाच्याच टोकाला, तशीच अंग चोरून. बाकीची जागा तिने आमच्यासाठी सोडली होती.