गडाच्या कार्यक्रमात ती

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायचं म्हटलं की हात अवघडतो. पण हे लिहून ठेवतो.

गडाच्या पायथ्याला आमची चहाची टपरी होती. एकदा टीव्हीवाले आले. गडाचा इतिहास आणि आमच्याकडची राहणी, असं काहीतरी करत होते. पिठलं-भाकरी खायला घरी आले आणि बायकोला चुलीपुढं बसवून शूटिंग केलं. एकानं विचारलं, "मावशी, मालकांचं नाव काय?"

"ते काय दारात बसलेत. त्यांनाच विचारा की."

सगळे हसले. शेजारणींनी लईच पिच्छा पुरवला तेव्हा तिनं उखाण्यात नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी आपला ऐकू न आल्यासारखा बिडी ओढत बसलो.

पुढच्या वर्षी ती छातीच्या दुखण्यानं गेली. मुलगा मद्रासजवळ सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो मला मद्रासला घेऊन आला. मद्रास म्हटलं की तो म्हणतो, "चेन्नई, आबा." मला काय, दोन्ही लांबच.

तिचा फोटो आहे भिंतीवर. पण हळूहळू आवाज आठवेना झाला. ती काय बोलायची ते आठवायचं, कसं बोलायची ते नाही. तिची हाक आठवायला बसलो की खालच्या घरमालकिणीचाच आवाज कानात यायचा. त्याची मला धास्ती बसली.

अशात गावाकडून पुतण्याचा फोन आला. रविवारी सकाळी टीव्हीवर गडाचा तो कार्यक्रम लागणार होता. मुलाला म्हणालो, "केबल जाईल, लाईट जाईल, नाहीतर मीच जाईन."

"रविवारपर्यंत तरी जाऊ नका आबा."

"तुझ्या जिभेला हाड नाही."

"तुमचाच पोरगा आहे ना."

हसलो. पण कार्यक्रमातनं तिला कापूनच टाकलं असंल तर? गडापुढं चहावाल्याच्या बायकोचं कुणाला काय?

रविवारी अंघोळ करून टीव्हीपुढं बसलो. गड दिसला, आभाळातून काढलेला. जन्म त्याच्या पायथ्याला गेला, पण तो एवढा पसरलाय हे मला इथं, परमुलखातल्या खुर्चीत बसून कळलं. मग तटबंदी झाली, तोफा झाल्या, राजे झाले. एक बाबा, स्वतः न दिसता, इंग्रजीत बोलतच होता. मी मनात म्हणत होतो, अरे खाली उतरा, पायथ्याला या.

तेवढ्यात लाईट गेली.

मुलगा हाताला धरून मला जिन्यानं खाली घेऊन गेला. घरमालकिणीकडं इन्व्हर्टर होता. म्हातारी तिची मालिका बघत होती. मुलगा घाईघाईनं तमिळमध्ये काहीतरी बोलला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि रिमोट त्याच्या हातात दिला.

चॅनल लागलं तर समोर आमची चूल. ती वाकलेली. तिनं फुंकणीनं जाळ फुंकला, धूर आला, ती खोकली. मग डोळे पुसून दाराकडं, म्हणजे माझ्याकडं बघितलं. ओठ हलायला लागले. आणि तो बाबा परत सुरू झाला, बरोबर तिच्या बोलण्यावर.

"वाढव, आवाज वाढव!"

मुलानं वाढवला. बाबाचाच वाढला.

"काय बडबडतोय तो?"

"म्हणतोय, गडाकडच्या बायका अजून नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत."

"अरे, मग ती काय करतीय तिथं? घेतीय की!"

पडद्यावर परत गड आला, सूर्य बुडाला, संपलं.

म्हातारीनं काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, "तुमची मंडळी का, म्हणतायत." मी मान हलवली. तिनं कॉफीचा पेला आणून पुढं ठेवला. माझ्यानं पिववेना.

जिना चढताना त्या बाबाला शिव्या देत होतो आणि मधेच थांबलो. तो खोकला! आधी दोनदा बारीक, मग एक खोल. घरात रात्र रात्र ऐकलेला. बोलणं झाकलं त्यानं, पण तेवढा खोकला त्याच्या तावडीतून सुटला होता. तिचाच. दुसऱ्या कुणाचा नाहीच.

दारापर्यंत पोचेस्तोवर तो पुन्हा पुसट व्हायला लागला.

"त्या टीव्हीवाल्यांना फोन लाव," मी मुलाला म्हणालो. "परत कधी दाखवणार विचार."

"आबा, आज रविवार आहे. कोण उचलणार?"

"मग उद्या लाव. पण लाव."