डेअरीकडून काही नाही

ज्या ऑफिसात काम भराभर होतं तिथे किस्से होत नाहीत. माणसं येतात, कामं उरकतात, घरी जातात. किस्से साचतात ते वाट बघणाऱ्या ऑफिसात. आमचं ऑफिस तसलं होतं! दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, काचेच्या एका उंच इमारतीत, तळ्याकडे तोंड करून आम्ही काही वर्षं नुसती वाट बघितली.

कशाची, ते आधी सांगते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. त्याआधी तिथले छोटे उत्पादक बेल्जियम-फ्रान्सला माल असा पाठवायचे, जसा आपण सदाशिव पेठेतून नारायण पेठेत पाठवू. बाहेर पडल्यावर प्रत्येक खेपेला सर्टिफिकेट, तपासणी, शिक्के. मग सगळ्यांची नजर आखाताकडे वळली. ब्रिटन आणि आखाती देशांमध्ये व्यापार कराराची बोलणी सुरू झाली. सरकारं वरती बोलायची, आणि आम्ही खाली. उत्पादकांना मसुद्याचा अर्थ समजावून सांगायचा, त्यांच्या सूचना त्यांच्या संघटनेमार्फत वर पोचवायच्या आणि इथे गिऱ्हाईक शोधून ठेवायचं.

ऑफिस कर्णिक सरांचं. मूळचे ठाण्याचे, हयात दुबईत गेलेली. अरबी मसुदे वाचायला कैरोची हनान. आणि मी, मंजिरी. करार पुढे कुठवर आला ते तुम्हाला बातम्यांत मिळेल. बातम्यांत जे येत नाही ते मी सांगते.

* * *

आमचा पहिला क्लायंट ग्रॅहम. उत्तर इंग्लंडातल्या एका खेड्यात त्याचा गोठा आणि चीजचा कारखाना. पणजोबांपासूनचा धंदा. हा उंच, लालबुंद माणूस ऐन जुलैत लोकरीचा कोट घालून आमच्या दारात उभा! हातातल्या बॅगेत कपडे कमी, चीज जास्त.

बसल्या बसल्या म्हणाला, "मी स्वतः बाहेर पडायच्या बाजूने मत दिलंय. लपवत नाही. आमच्या कारभाराचा कंट्रोल आम्हाला परत हवा होता."

कर्णिक सरांनी त्याला पाणी दिलं. "मग, मिळाला का?"

"मिळाला."

"आत्ता कुठे आहे?"

ग्रॅहमने घड्याळ बघितलं. "फ्रान्समध्ये, कॅलेच्या बंदरात. लॉरीत. जनावरांच्या डॉक्टरची सही चुकीच्या रंगाच्या शाईत आहे म्हणे."

तो हसला, म्हणून आम्हीही हसलो. तेव्हा हसता येत होतं.

* * *

मसुद्यातली भाषा हा एक स्वतंत्र आजार आहे. एकदा हनान एका वाक्यावर अडून बसली. 'उभय पक्ष दुग्धजन्य पदार्थांच्या सुलभ प्रवेशाचा विचार करण्यासाठी प्रयत्नशील राहतील.'

"म्हणजे काय?" ती मला विचारते. "प्रवेश देणार?"

"नाही."

"विचार करणार?"

"तेही नाही. विचार करायचा प्रयत्न करणार."

"मंजिरी, याला साधा शब्द सांग."

मी म्हटलं, "आमच्याकडे मुलीला बघायला लोक येतात. पोहे खातात, चहा पितात, आणि जाताना म्हणतात, 'कळवतो.' ते हे."

हनान हसत सुटली. "हबीबती, माझ्या बहिणीला कैरोत असंच चौघांनी कळवतो म्हटलंय!"

तेव्हापासून आमच्या ऑफिसात त्या कलमाचं नाव 'कळवतो' पडलं. ग्रॅहम फोनवर विचारायचा, "त्या 'कलावतो'चं काय झालं?" त्याला ते कुठल्या तरी अरबी अधिकाऱ्याचं नाव वाटायचं!

* * *

गिऱ्हाईकही आम्ही शोधलं. अबू खालिद. अबूधाबी ते फुजैरा किराणा मालाची मोठी दुकानं, आणि स्वतः खाण्याचे खरे शौकीन. त्यांनी ग्रॅहमचं चीज तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "हे माझ्या आईला आवडेल." आमच्याकडे याहून मोठी पावती नाही.

अडचण एकच. आपण दुधाला विरजण लावतो तसं चीज लावायला एक द्रव्य लागतं. ग्रॅहमच्या घरी ते पिढ्यान् पिढ्या वासराच्या पोटातून काढलेलं वापरत. ते हलाल नाही, इथे चालायचं नाही. वनस्पतीचं हवं.

ग्रॅहमने ते वहीत लिहून घेतलं. तिकडे गेल्यावर महिनाभर त्याचा पत्ता नाही. नंतर कळलं, त्याने सगळं बदललं होतं. भांडी, पद्धत, सगळं. नवीन चीज घेऊन तो स्वतः आला. अबू खालिदनी चाखलं. "माशाल्ला! तेवढंच चांगलं आहे. करार झाला की पहिला कंटेनर माझा. आत्ता घेतलं तर ड्यूटीसकट महाग पडेल, माझं गिऱ्हाईक उचलणार नाही."

माणूस सरळ होता. खोटं बोलला नाही.

त्या संध्याकाळी ग्रॅहमला मी एअरपोर्टवर सोडायला गेले. गाडीत म्हणाला, "गावातल्या पबने आमचं चीज बंद केलं. म्हणाले, चव बदलली."

मी "इन्शाल्ला, होईल," म्हटलं. इथे राहून राहून जीभ तशी वळते.

* * *

मग मीच एकदा अक्कल चालवली. म्हटलं, करार होईल तेव्हा होईल, थोडं चीज किरकोळीत तर खपवू. शारजाच्या रोल्ला भागात सावंतकाकांचं जुनं दुकान आहे. कोकम, कुळीथ, भाजणी, सगळं मिळतं. ग्रॅहम आला की त्याला तिकडे घेऊन गेले.

काकांनी चीजचा गोल हातात घेतला, फिरवून बघितला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"ताई, ह्याला बुरा आलाय."

"काका, तो मुद्दाम आणलाय. तळघरात ठेवून आणतात."

"मुद्दाम?" काकांनी वास घेतला. "आणि हा वास?"

"तोही मुद्दाम."

"कसा किलो?"

"नव्वद दिरहम."

"म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर!" काका उडालेच. "एवढ्यात माणूस गावी जाऊन ताजं लोणी खाऊन येईल!"

ग्रॅहमने विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "विचार करायचा प्रयत्न करतील."

पण काकांनी त्याला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. कोकम सरबताची बाटली दिली, पाठीवर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले, "साब, टेन्शन नहीं लेने का. पहले हमारा आम भी कोई नहीं लेता था." बाहेर फुटपाथवर उभं राहून ग्रॅहम ती बाटली बराच वेळ बघत होता. त्याला शब्द कळले नव्हते. तरी डोळे पुसले त्याने.

* * *

एकदा ब्रिटनमधल्या एका व्यापारी संघटनेचं शिष्टमंडळ यायचं ठरलं. आता काहीतरी हलणार! कर्णिक सरांनी बोर्ड करून घेतला, 'वेलकम' आणि खाली प्रमुखांचं नाव, सोनेरी अक्षरांत. आदल्या आठवड्यात त्या प्रमुखांनी राजीनामा दिला. सर म्हणाले, "यल्ला, नाव काढा. नवीन घाला." नवीन घातलं. तेही गृहस्थ दुसऱ्या कमिटीवर गेले. सर म्हणाले, "आता नावच नको. नुसतं वेलकम ठेवा. ते बदलत नाही."

ज्या दिवशी यायचे त्या सकाळी ईमेल आली. दौरा पुढे ढकलला आहे, नवी तारीख कळवू.

टेबलावर करामा भागातून मागवलेले समोसे, ढोकळा, काजूकतली. आम्ही तिघं खुर्च्यांकडे बघत बसलो. तेवढ्यात एसी दुरुस्त करायला एक माणूस आला. गोरखपूरचा. बोर्ड वाचून दारातच थबकला.

"साब, किसका वेलकम है?"

कर्णिक सर उठून उभे राहिले. "आपका ही है. आइए!"

त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं. प्लेट भरून दिली. तो बिचारा संकोचून खात होता. मध्येच म्हणाला, "खुशी किस बात की है, साब?"

सर म्हणाले, "पहले खा लो."

* * *

माझी मुलगी रेवा. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. शाळेत 'माय पॅरेन्ट्स' लिहायला सांगितलं होतं.

"आई, व्हॉट डू यू ॲक्च्युअली डू?"

"अगं, देशादेशांत करार व्हायचाय ना, त्यासाठी मदत करते."

"व्हेन विल इट बी डन?"

"चालू आहे."

"यू सेड दॅट व्हेन आय वॉज इन केजी." आता ती तिसरीत!

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलेलं मी वाचलं. बाबांबद्दल पाच ओळी होत्या. ते इंजिनिअर आहेत, ते पूल बांधतात वगैरे. माझ्याबद्दल एकच. 'माय मदर इज वेटिंग.'

नवऱ्याला दाखवलं. तो हसायला लागला आणि माझा चेहरा बघून थांबला.

* * *

हनान त्यानंतर थोड्याच दिवसांत कैरोला परत गेली. सरांनी तिला काढलं नाही. "सर, मी जे भाषांतर करते ते खरं कधी होणार ते मला कळत नाही," एवढंच म्हणाली. तिच्या खुर्चीवर आम्ही कुणाला बसवलं नाही. बसवायला कोणी नव्हतंही.

ग्रॅहमच्या बायकोशी, मार्गरेटशी आमचं बोलणं त्याच सुमाराला पहिल्यांदा झालं. ग्रॅहम फोन उचलेना म्हणून तिने उचलला.

सर नेहमीच्या उत्साहात म्हणाले, "मॅडम, करार अगदी जवळ आलाय. थोडा धीर धरा. इन्शाल्ला, लवकरच."

ती बाई शांतपणे म्हणाली, "मिस्टर कर्णिक, आम्ही दोघं धीर धरू. पण गायींना ते कसं समजावू? त्या रोज दूध देतात. सकाळी आणि संध्याकाळी. करार नाही म्हणून थांबत नाहीत. चीज ठेवायला आता जागा नाही, परवापासून ग्रॅहम ते दूध शेतात ओततोय."

सरांनी फोन ठेवला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यानंतर सरांच्या तोंडून मी 'इन्शाल्ला' ऐकलं नाही.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी कुठे फारसा सांगत नाही.

संघटनेने सगळ्या उत्पादकांची ऑनलाइन मीटिंग बोलावली होती. मसुद्यावर शेवटच्या सूचना. पन्नासेक चौकोन स्क्रीनवर. बिस्किटवाले, मटणवाले, लोकरवाले. सर आणि मी एकाच लॅपटॉपसमोर बसलो होतो.

ग्रॅहमचा चौकोन कोपऱ्यात होता. तो घरात नव्हता. लॅपटॉप घेऊन गोठ्यात बसला होता. तोच लोकरीचा कोट. त्याच्या मागे लांबच लांब दावण दिसत होती. धुतलेली फरशी, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, त्यांना लटकणाऱ्या साखळ्या. आणि एकही गाय नाही.

सरांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मीटिंग चालवणारी मुलगी तरुण होती, हुशार होती, पटापट पुढे जात होती. तिच्या स्क्रीनवर मसुदा उघडा, त्यामुळे चेहरे तिला दिसत नसावेत. बिस्किटवाले वीस मिनिटं बोलले. मटणवाल्यांचं आपसातच भांडण झालं. तिने ते हसत हसत मिटवलं.

मग ती म्हणाली, "पुढे डेअरी. ग्रॅहम, तुमच्या बऱ्याच सूचना होत्या मागच्या वेळी. बोला."

ग्रॅहमचे ओठ हलले.

"ग्रॅहम, तुम्ही म्यूटवर आहात."

त्याने बटण दाबलं. गोठ्यातला आवाज आमच्यापर्यंत आला. म्हणजे, काहीच आवाज आला नाही.

"डेअरीकडून काही नाही," तो म्हणाला.

"वा, छान!" ती मुलगी म्हणाली. "म्हणजे आपण वेळेच्या पुढे आहोत!"