सूर्याच्या हाकेला ओ न देणारे पोलाद

दिनांक ६ ऑक्टोबर २०१९, रविवार. कनेटिकट नदीकाठच्या आमच्या गावातील पोलंडवंशीयांच्या पोलिश क्लबच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात ठेवलेले माझ्या वडिलांचे रिव्हॉल्व्हर आरशासारखे चकचकीत झालेले मला आढळले. कपाटाची किल्ली व्यवस्थापन समितीकडे असते. पुलास्की या पोलिश वीराच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पुलास्की दिनाच्या तयारीत समितीने चांदीचे चषक, पितळी तुताऱ्या आणि झेंड्याच्या काठीवरील गरुड यांच्याबरोबर हे शस्त्रही पॉलिशला दिले. मला विचारले नाही. मी लेखी हरकत घेतली, तेव्हा ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे’ असे उत्तर आले. भावनांची नोंद घ्या, अशी विनंती मी केलेली नव्हती.

माझे वडील झिग्मुंट कोसीबा. गावात त्यांना सगळे झिगी म्हणत. मी ताता म्हणत असे. येथील बंदुकांच्या कारखान्यात त्यांनी उभे आयुष्य काढले, आणि त्यातला बहुतेक काळ एकाच कामात: स्टेनलेस स्टीलच्या रिव्हॉल्व्हरची चमक घालवण्याच्या कामात. बिनखिडक्यांच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. तिच्या पोटाला दोन भोके आणि भोकांना आतल्या बाजूने रबरी हातमोजे जोडलेले. ताता त्यात कोपरापर्यंत हात घालून, वीतभर काचेतून आत पाहत, रव्याएवढे बारीक काचेचे मणी हवेच्या जोराने पोलादावर मारीत. नळीच्या तोंडात आधी खुंटी ठोकायची, मणी आत जाता कामा नयेत. कोरलेल्या अक्षरांवर हात हलका ठेवायचा. नव्या मण्यांत थोडे वापरलेले मणी मिसळायचे, म्हणजे पोत मऊ येतो. त्या पेटीत साधे लोखंड कधीही घालायचे नाही, कारण त्याचा कण पोलादात रुतला की तेथून तांबेरा फुटतो. शेवटी आम्लात बुडवून, धुऊन, तेलाचा हात. स्टेनलेसला गंज चढत नाही असे मानणाऱ्याने समुद्रकाठी एक हिवाळा काढून पाहावा.

कारखान्यात मान होता तो पॉलिशखान्याला. बफच्या कापडी चाकावर पोलादाचा आरसा करणारी ती माणसे स्वतःला सरदार समजत. मण्यांच्या खोलीतून पांढरी धूळ अंगावर घेऊन बाहेर पडणाऱ्यांना ती पीठवाले म्हणत. पॉलिशखान्यातले चेस्टर मिकुला आमचे शेजारी होते. कुंपणापलीकडून त्यांचा रोजचा प्रश्न ठरलेला असे.

“काय झिगी, किती पायली दळलंस आज?”

“तुझं आरशात तोंड बघून झालं असेल तर आण इकडं तो आरसा. त्यालाही झोपवतो.”

जेवणाच्या सुटीत ताता एखादे तयार रिव्हॉल्व्हर घेऊन आवारात जात आणि उन्हात धरून सावकाश फिरवीत. शाळेला सुटी असली की मी डबा पोहोचवायला जात असे. एकदा मी विचारले, काय पाहता?

“सूर्यानं हाक मारली तरी यानं ओ द्यायची नाही,” ते म्हणाले. “दिली, तर परत पेटीत.”

आणि खरेच ते ओ देत नसे. नदीच्या तळाशी पडलेल्या गोट्यासारखे, सगळे ऊन पिऊन करडेच राही.

हे कशासाठी, ते त्यांना एका परक्या माणसाने सांगितले. अलास्काच्या किनाऱ्यावरचा ऑर्विल नावाचा वनरक्षक कारखाना पाहायला आला होता. त्याच्या कमरेला ताताच्या हातचे रिव्हॉल्व्हर होते. जेवायला ताता त्याला घरीच घेऊन आले. आईने कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा वाढला. तो खाता खाता बोलत होता.

“उन्हाळ्यात तिकडं पाणी, बर्फ, ओले दगड, सगळंच डोळ्यांत घुसतं. झाडीतून अस्वल निघालं, तुम्ही नळी उचलली, आणि तिच्यावरून तिरीप तुमच्याच डोळ्यांत आली, तर नेम कुणी धरायचा? अस्वलानं?”

“एवढा उजेड असतो?” ताता म्हणाले.

“या की. दाखवतो.”

त्या दिवसापासून आमच्या घरात ‘पुढचा उन्हाळा’ सुरू झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर अलास्काचा नकाशा लागला. ज्या उजेडाशी ताता जन्मभर झगडत होते, तो त्यांनी पाहिलेला नव्हता. ते दिवे लावलेल्या खोलीत पेटीत डोळे घालून उभे राहत, आणि पेटीतही मण्यांचे धुकेच. पुढच्या उन्हाळ्यात छप्पर गळले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझे कॉलेज निघाले. मग आईची मूत्रपिंडे गेली आणि दिवसाआड तिला यंत्राला जोडणे आले. आई म्हणे, “तुम्ही जाऊन या हो, मी काही पळून जात नाही.” ताता नुसते हसत. ती गेल्यावर मीच तिकिटाचा विषय काढला.

“एकट्यानं बघायचा असतो होय उजेड?” ते म्हणाले, आणि नकाशा तसाच राहिला.

निवृत्तीच्या वेळी कारखाना घड्याळ देत असे. ताताने घड्याळाऐवजी एक रिव्हॉल्व्हर मागून घेतले आणि शेवटच्या आठवड्यात आपल्या पेटीत स्वतः तयार केले. आई तेव्हा हयात होती आणि तिला घरात शस्त्र नको होते, म्हणून घोड्याची सुई काढून, ते निकामी करून त्यांनी क्लबला दिले. अट एकच घातली: कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर हवे. रविवारी प्रार्थना झाली की आम्ही दोघे तेथे बसत असू. दुपार कलली की ऊन चषकांवर पेटत जाई, तुताऱ्यांवर पेटे, आणि मधल्या फळीवरच्या रिव्हॉल्व्हरपाशी येऊन गप्प होई. ताता बिअरचा ग्लास हातात धरून तेवढे पाहत. त्यांना तेव्हा नेमके काय दिसत होते, हे विचारण्याचे मला कधी सुचले नाही. ते गेल्यावर मी त्याच खुर्चीवर बसून तेच पाहण्याचा प्रयत्न करीत आले. त्या करड्या पोतात त्यांचा हात होता. कोठे वेग, कोठे विसावा, अक्षरांपाशी कोठे जपणूक, सगळे. आता तेथे वाकले की मला माझाच चेहरा दिसतो. तो मला घरीही दिसतो.

पॉलिश कोणी केले हे विचारावे लागले नाही. गावात तसा हात एकच उरला आहे. चेस्टरकाका क्लबच्या गल्ल्याजवळ बसून लोणी-कांद्यातले पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, खात होते.

“हे तुम्ही केलंत?”

“मग कोण करणार? समितीतल्या पोरांना बफचं चाक फिरतं कुठल्या बाजूला तेही ठाऊक नाही. बघितलंस का? एक ओरखडा शोधून दाखव, पोरी.”

“ताताने ते मुद्दाम मंद केलं होतं.”

“मला सांगतेस?” त्यांनी काटा खाली ठेवला. “आमच्या खात्यातला माणूस गेला की आम्ही काय करायचो, आठवतं? त्याच्या पट्ट्याचं बक्कल नाहीतर डब्याचं झाकण घ्यायचं, आरसा करायचा आणि घरच्यांना द्यायचं. पीठवाल्याला हा मान कधी मिळाला नाही. झिगीला मी जन्मभर पीठवाला म्हणालो. म्हटलं, आता तरी त्याला आपल्यात घ्यावं.”

“त्यांना तुमच्यात यायचं नव्हतं, काका.”

“ते मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “मला ज्यात मान दिसतो तो मी दिला. तू सभेत ते पुसायचा ठराव आणशील, मी हात वर करणार नाही. माझ्या हातचं इतकं चांगलं काम दुसरं नाही.”

ते खरे बोलत होते, आणि म्हणूनच माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. यातले काहीही कळत नसताना ज्यांनी कपाट उघडले, त्यांच्याविरुद्ध आहे.

ताताच्या शेजारच्या पेटीवर काम करणारे लुसियें बोलदुक अजून आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये मण्यांची छोटी पेटी आहे. मी त्यांना क्लबमध्ये नेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक टेकवले.

“होईल. पण नळीवरची अक्षरं बघा. बफनं किती झिजलीत. एकदा सोसतील. परत कुणी चकाकी आणली, तर अक्षरं गेलीच समजा.”

“ताताच्या हातासारखं होईल?”

“छे. माझ्या हातासारखं होईल. पण आम्ही दोघं एकाच हवेच्या नळावर जगलो. सासूला फरक कळणार नाही.” मग चष्मा खाली ओढून म्हणाले, “बायकोला कळेल.”

मार्चमध्ये लुसियें फ्लोरिडाला मुलीकडे कायमचे जाणार आहेत. पेटीला गिऱ्हाईकही ठरले आहे. समितीला मी हे कळवले. चकचकीत वस्तू फोटोत चांगली दिसते आणि लहान मुले कपाटापाशी थांबतात, असे मला सांगण्यात आले. पूर्वी ती थांबत नसत, हे मान्य आहे. ताताच्या कामाचा हेतूच कोणाचे डोळे ओढून न घेण्याचा होता. वस्तू क्लबच्या मालकीची असल्याने निर्णय वार्षिक सभेच्या हाती आहे, हेही समितीने कळवले. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. एवढेच एक उत्तर तिने सरळ दिले.

वाचकहो, तुमच्यापैकी जे क्लबचे सभासद आहेत, त्यांनी जानेवारीच्या सभेला यावे आणि माझ्या ठरावाच्या बाजूने हात वर करावा. जे सभासद नाहीत, त्यांनी आपल्या ओळखीच्या सभासदाला यायला सांगावे. ते रिव्हॉल्व्हर मार्चपूर्वी लुसियें बोलदुक यांच्या हाती द्या. शस्त्र परत आले की कपाटाला कुलूप लावा, आणि त्या शस्त्राला पुन्हा कोणीही पॉलिश करू नका.