पत्र्याच्या घरातली थंडी

तिरोड्याजवळच्या त्या पौषातल्या सकाळी माझी लेक तेवीस दिवसांची होती... आणि तिला थंडीपासून जपण्याच्या नादात मी तिला गमावूनच बसले असते. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. आज मी नव्वदीला टेकलेय, मी सांगतेय आणि नात मोबाईलवर टाइप करतेय.

ह्यांची नेमणूक कालव्याच्या मोजणीवर होती. राहायला मिळालं ते कारखान्यातून तयार होऊन आलेलं घर... पत्रे, लोखंडी चौकटी, लाकडी फळ्या ट्रकमधून उतरल्या आणि नटबोल्ट आवळून दोन दिवसांत घर उभं राहिलं. खाली दगडांचा टेकू, जमीन आणि फळ्यांमध्ये हातभर पोकळी.

गावातले लोक बघायला यायचे. मलाही कौतुक होतं... थंडी पडेपर्यंत.

चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सगळी ओल. पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटायचं आणि थेंब थेट गादीवर पडायचे. खालच्या पोकळीतून वारा शिरायचा, फळ्यांवर पाय ठेववत नसे.

माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण तिथेच झालं. मी सारखे लेकीचे तळवे चाचपायची... गारच लागायचे. दिवसातून कितीदा तिच्या नाकाशी बोट धरायची, ते मलाच माहीत.

त्या सकाळी धुकं दाट होतं. हे कामावर गेले आणि मी कंबर कसली. बारदानाचे तुकडे करून खिडक्यांच्या फटी बुजवल्या, दाराखाली गोधडी कोंबली, कोळशाची शेगडी पेटवून खाटेजवळ ओढली. खोली पहिल्यांदा उबदार झाली... लेकही शांत निजली. मला इतकं बरं वाटलं!

थोड्या वेळाने डोकं जड झालं. जागरणाचा शीण असेल, असं वाटलं. लेकीला दूध पाजायला घेतलं, तर ती तोंडच उघडेना. झोपू दे बिचारीला, म्हणून मीही आडवी झाले.

तेवढ्यात दार धाडकन ढकललं गेलं. शेजारच्या धुरपता मावशी रोज दूध घेऊन यायच्या. माझं बाळंतपणही त्यांनीच केलेलं. त्यांनी एकदा शेगडीकडे पाहिलं, लेकीला उचललं आणि सरळ बाहेर धुक्यात नेलं.

मी धडपडत मागे गेले. थंडीत मारता का माझ्या लेकराला, असं काहीबाही मी त्यांना बोलले. हात धरून ओढलंसुद्धा. त्या लेकीची पाठ चोळत राहिल्या... आणि एकदाची ती रडली. आधी बारीक, मग चांगली टाहो फोडून.

तेव्हा त्या माझ्याशी बोलल्या. “शेगडी ठेवून सारं काऊन बुजवलं वो पोरी? माही नात अशीच गेली, बंद खोलीत.”

माझं जड झालेलं डोकं, लेकीचं न उघडणारं तोंड... कोळशाच्या कोंडलेल्या वायूचंच होतं ते.

मावशींचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारं. त्यांनी घराभोवती एक फेरी मारली, वाकून पोकळीत हात घालून पाहिला. “थंडी खालून येऊन राहिली अन्‌ तू वरच्या फटी कायले बुजवतं?”

दुपारी त्यांचे दोन मुलगे बैलबंडीभर तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, घेऊन आले. फळ्यांखाली त्यांनी कोरडी तणीस गच्च भरली. बाहेरून चारी बाजूंनी माती लावून, तलावाची पाळ चोपतात तशी ती चोपून काढली. छताला आतून बांबूचे तट्टे बांधले, म्हणजे थेंब गादीवर पडायला नकोत. वरची एक खिडकी मावशींनी मुद्दाम उघडी ठेवायला लावली, शेगडी कायमची अंगणात गेली.

संध्याकाळी मी फळ्यांवर अनवाणी उभी राहिले. ऊब नव्हती, पण ते चावणं गेलं होतं. लेकीचे तळवे मात्र मी त्यानंतरही कितीतरी दिवस चाचपतच होते.

मी जे बोलले, त्याचा मावशींनी पुढे कधी उल्लेखही केला नाही. त्यांनी माझी लेक वाचवली, वर स्वतःची नात गेल्याचं दुःखही माझ्यासमोर उघडं केलं... आणि मला साधी माफी मागायलाही वर्ष लागलं. मागितली, तेव्हा त्या फक्त लेकीला मांडीवर घेऊन बसल्या, बराच वेळ.